चाल तुमची, नाव दुसऱ्याचं: गाण्याची आणि चित्राची कॉपीराइट नोंदणी कशी करावी

मंडळाच्या गणपतीसाठी तुम्ही बांधलेली चाल पुढच्या वर्षी दुसऱ्याच कुणाच्या नावावर वाजते. तुम्ही काढलेलं चित्र खालची सही कापून एखाद्या कॅलेंडरवर छापलं जातं. तुम्ही जाब विचारायला जाता, तर समोरचाच विचारतो, "तुमचं कशावरून?" कॉपीराइटची नोंदणी म्हणजे या प्रश्नाचं आधीच सरकारी दप्तरात टाकून ठेवलेलं उत्तर.

नोंदणीमुळे हक्क जन्माला येत नाही, हे आधी लक्षात घ्या. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार काम प्रत्यक्षात उतरलं की हक्क आपोआप तुमचा. कोर्टात जायलाही नोंदणीची सक्ती नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या आधीच्या एका निकालामुळे याविषयी उलटा समज झाला होता. तो त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये संजय सोया प्रकरणात दूर केला. वाद होता खाद्यतेलाच्या लेबलाचा!

मग फी कशाला भरायची? कलम ४८ साठी. कॉपीराइटच्या नोंदवहीतला उतारा न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो, म्हणजे तो खोडून काढायचं ओझं समोरच्यावर पडतं. घराण्याच्या गाण्यात या पुराव्याची किंमत कळते. ध्रुपद गायक ज्युनियर डागर बंधूंच्या 'शिवस्तुती' या रचनेवरून ए. आर. रहमान यांच्या एका चित्रपटगीताविरुद्ध दावा झाला होता. त्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी २०२५ मध्ये डागर कुटुंबाच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. त्याच वर्षी खंडपीठाने तो रद्द केला. कळीचा मुद्दा होता की रचना गायली म्हणून ती त्यांनीच बांधली, हे सिद्ध होतं का? गुरुमुखातून आलेल्या विद्येत तारीख-वार कोण लिहून ठेवतो?

गाणं एक, अर्ज तीन

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. कायद्याच्या लेखी गाणं ही एक वस्तू नाही. शब्द हे साहित्यकृतीत मोडतात, चाल ही संगीतकृती आणि रेकॉर्डिंग हे ध्वनिमुद्रण. संगीतकृतीच्या व्याख्येतून शब्द मुद्दाम वगळलेले आहेत. म्हणजे गीतकार, संगीतकार आणि स्टुडिओचा खर्च करणारा निर्माता असे तीन वेगळे मालक असू शकतात. तुम्ही फक्त ध्वनिमुद्रण नोंदवलं आणि कुणी तीच चाल नव्या वाद्यमेळात पुन्हा वाजवून घेतली, तर तुमचा उतारा फारसा कामाला येत नाही. चाल तुमची असेल तर चालच नोंदवा, आणि सोबत स्वरलिपी जोडा. भातखंडे पद्धतीने लिहिता येत नसेल तर एखाद्या संगीत शिक्षकाकडून लिहून घ्या.

चित्र, शिल्प, छायाचित्र, रेखाटन हे सगळं कलाकृतीत येतं. ते सुंदर आहे की नाही, याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही.

अर्ज कोण करू शकतं

स्वतः कर्ता, ज्याने लेखी कराराने हक्क घेतला तो मालक, प्रकाशक किंवा कर्त्याचे वारस. वयाची अट नाही. शाळकरी मुलाच्या चित्राचीही नोंदणी होते. मात्र नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. पैसे देऊन कुणी काढून घेतलेलं व्यक्तिचित्र किंवा छायाचित्रही, तसा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचं होतं. त्यामुळे ऑर्डर घेताना व्हॉट्सअ‍ॅपवरच्या "ओके"वर थांबू नका. हक्क सोपवायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीचा कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते.

फॉर्म चौदा आणि त्यातला अडचणीचा प्रश्न

अर्ज कॉपीराइट नियम, २०१३ मधल्या नमुना चौदामध्ये, कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. कार्यालय नवी दिल्लीत द्वारकेला आहे. तिथे खेटे घालावे लागत नाहीत. फी प्रत्येक कामाला वेगळी:

साहित्य, संगीत, कलाकृती: ५०० रुपये
वस्तू वा सेवेसाठी वापरता येण्याजोगी कलाकृती (लेबल, लोगो): २००० रुपये
ध्वनिमुद्रण: २००० रुपये

फॉर्मच्या पहिल्या तपशीलपत्रात शीर्षक, भाषा, कर्त्याचं नाव आणि नागरिकत्व, काम प्रसिद्ध झालंय का, असल्यास कुठल्या वर्षी आणि कुठल्या देशात, अशी सरळ माहिती आहे. खरी गंमत दुसऱ्या, म्हणजे अधिक तपशिलाच्या पत्रात आहे. तिथे विचारतात: हे काम मूळ आहे, की कशाचं भाषांतर वा रूपांतर? ज्यावरून घेतलं त्याचा कॉपीराइट अजून चालू आहे का? असल्यास मूळ कर्ता कोण आणि परवानगीचा तपशील काय?

थोडक्यात, उसनवारी कबूल करायची जागा सरकारने फॉर्ममध्येच ठेवली आहे. बहुतेक लोक डोळे झाकून "मूळ" लिहून पुढे जातात. तसं करू नका. नोंदवहीत जाणूनबुजून खोटी नोंद करवून घेणं हा कलम ६७ खाली गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तुकोबांच्या अभंगाला नवी चाल लावली असेल तर काहीच अडचण नाही, कारण ते शब्द आता सर्वांचे. चाल मात्र तुमची. कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. ज्याच्या मृत्यूला अजून ६० वर्षं झालेली नाहीत अशा कवीची कविता घेतली असेल तर वारसांची परवानगी हवीच.

"सात सेकंद चालतात", "चार सूर बदलले की झालं" असंही सर्रास सांगितलं जातं. असा नियम कुठेही नाही. संगीतकार राम संपत यांनी मोबाइलच्या जाहिरातीसाठी केलेल्या धुनेवरून २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वाद गेला. घेतलेला तुकडा छोटा आहे ही सबब तिथे चालली नाही. तो तुकडा मूळ कृतीचा गाभा आहे का, हे पाहिलं गेलं.

कागदपत्रं

कामाची प्रत (चित्राची वा ध्वनिमुद्रणाची फाइल), ओळखपत्र, आणि अर्जदार स्वतः कर्ता नसेल तर कर्त्याचा ना हरकत दाखला किंवा करारनामा. प्रकाशक वेगळा असल्यास त्याचाही दाखला. चित्रात किंवा छायाचित्रात कुणा व्यक्तीचा चेहरा असेल तर तिची संमती. ध्वनिमुद्रणासाठी गीतकार-संगीतकारांच्या परवानगीचे कागद. वकिलामार्फत अर्ज करत असाल तर वकीलपत्र. तरी अर्जावर सही अर्जदाराचीच लागते. लेबल-लोगोसारख्या कलाकृतीला ट्रेडमार्क निबंधकांचा, तसं चिन्ह आधी कुणी नोंदवलेलं नाही, असा दाखला जोडावा लागतो.

अर्जानंतर

डायरी नंबर, म्हणजे तुमच्या अर्जाचा क्रमांक, मिळतो, तो जपून ठेवा. कामात ज्यांचा हितसंबंध आहे त्यांना अर्जाची सूचना तुम्हीच पाठवायची असते. सहगीतकाराला कळू न देता केलेला अर्ज पुढे त्रास देतो. हरकतींसाठी ३० दिवस. हरकत आली तर दोन्ही बाजूंची सुनावणी होते. नाही आली तर छाननी होते आणि त्रुटी निघाली तर पत्र येतं. त्याला दिलेल्या मुदतीत उत्तर द्या.

वारलीचं काय?

शैलीवर कॉपीराइट नसतो. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी काढलेलं एखादं चित्र त्यांचं. पण तारपा नाच काढायची पद्धत कुणा एकाची नाही, समाजाची आहे. त्यासाठी मार्ग वेगळा: भौगोलिक मानांकन (जीआय टॅग). वारली चित्रकलेला ते २०१४ मध्ये मिळालं. या कलाकारांनी चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःची नोंद करून घ्यावी. २०२० पासून त्याची अर्ज फी फक्त १० रुपये आहे. मानांकन 'वारली' हे नाव राखतं. शहरातल्या कुणी कपावर तसे त्रिकोणी माणूस छापले आणि नाव वापरलं नाही, तर मात्र मानांकनाचा हात तिथवर पोहोचत नाही. मला ही कायद्यातली मोठी फट वाटते.

पैसे नकोत, नाव हवं

पुष्कळ कलाकारांचं म्हणणं एवढंच असतं. कलम ५७ त्यासाठीच आहे: हक्क विकून टाकला तरी 'हे माझं काम' म्हणायचा आणि त्याची मोडतोड रोखायचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. विज्ञान भवनातलं आपलं ब्राँझ भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून अडगळीत टाकलं गेलं म्हणून शिल्पकार अमरनाथ सेहगल सरकारशी लढले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना शिल्पाचे अवशेष परत द्यायला लावले आणि ५ लाख रुपये भरपाईही दिली.

इंटरनेटवर चोरी दिसली तर आधी त्या प्लॅटफॉर्मकडे लेखी तक्रार करा. नियम ७५ प्रमाणे तीत मूळ कामाचं वर्णन, मालकीचा पुरावा (उतारा इथे उपयोगी पडतो) आणि नक्कल नेमकी कुठे आहे ते लिहावं लागतं. प्लॅटफॉर्मने ३६ तासांत पावलं उचलायची असतात. पण तीच तक्रार करताना तुम्ही दावा दाखल करून २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणून देण्याचं हमीपत्रही देता. आदेश आला नाही तर मजकूर पुन्हा वर येऊ शकतो. दावा तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयातही करता येतो, म्हणून तक्रार पाठवण्याआधीच वकील गाठून ठेवा.