होरायझन युरोपचा अर्ज: ‘गैरवापर होऊ शकतो का?’ या प्रश्नाला घाईने ‘नाही’ लिहू नका

जैवतंत्रज्ञानाचे अर्ज पाठवण्याआधी कुणीतरी एकदा नजर टाकावी म्हणून ते माझ्याकडे येतात. विज्ञान बहुतेक वेळा चोख असतं. घोळ असतो तो सुरक्षेच्या रकान्यात. ‘तुमच्या संशोधनाच्या निष्कर्षांचा गैरवापर होऊ शकतो का?’ या प्रश्नापुढे ‘नाही’, आणि खाली एक ओळ: ‘आमचा हेतू लस तयार करण्याचा आहे.’ अहो, हेतू कुणी विचारलाय?

आधी पात्रता उरकून घेऊ. होरायझन युरोप हा युरोपीय संघाचा २०२१ ते २०२७ या काळातला संशोधन कार्यक्रम. सहकार्याच्या प्रकल्पाला किमान तीन स्वतंत्र संस्था लागतात. त्या तीन वेगवेगळ्या सदस्य किंवा संलग्न (करार करून या कार्यक्रमात सामील झालेल्या) देशांतल्या हव्यात आणि त्यातली एक तरी सदस्य देशातली हवी. बाहेरच्या देशातली संस्था त्यांच्या जोडीला येऊ शकते, पण पैशाचं गणित वेगळं आहे. भारत, चीन, ब्राझील इथल्या संस्थांना निधी आपोआप मिळत नाही. त्या विषयाच्या घोषणेत तसं म्हटलेलं असेल किंवा तुमच्यावाचून प्रकल्प अडतो हे पटवता आलं तरच मिळतो. एरवी खर्चाची सोय आपली आपण करायची. प्रत्येक संस्थेचा नऊ अंकी नोंदणी क्रमांक लागतो. अर्जाचा भाग ‘अ’ युरोपीय संघाच्या पोर्टलवर भरायचा, भाग ‘ब’ पीडीएफ म्हणून चढवायचा. नीतिमत्ता आणि सुरक्षेचे प्रश्न भाग ‘अ’मध्ये येतात, आणि सगळं तिथेच अडतं.

तिथे तीन निरनिराळ्या गोष्टी विचारलेल्या असतात आणि लोक तिन्हींना ‘दुहेरी वापर’ (एकच गोष्ट चांगल्या आणि घातक अशा दोन्ही कामांना वापरता येणं) समजून एकच उत्तर चिकटवतात. पहिली म्हणजे काम निव्वळ नागरी उपयोगासाठी आहे ना. दुसरी, तुम्ही हाताळता ते जंतू, विषद्रव्यं किंवा जनुकीय घटक निर्यात नियंत्रणाच्या यादीत आहेत का. तिसरी, यातून जे ज्ञान, साहित्य किंवा पद्धत तयार होईल, ती चुकीच्या हातात पडली तर काय. पहिल्याचं उत्तर ‘हो, नागरी’ आहे म्हणून तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ होत नाही. यादीत तुमचा जंतू नाही म्हणूनही होत नाही.

मी अर्जदारांना दर वेळी उंदरांच्या देवीचं उदाहरण देतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना उंदरांची पैदास रोखायची होती. त्यासाठी त्यांनी उंदरांच्या देवीच्या विषाणूत इंटरल्यूकिन-४ या प्रतिकारशक्तीशी संबंधित प्रथिनाचं जनुक घातलं. झालं भलतंच. ज्या उंदरांना या रोगाची उपजत प्रतिकारशक्ती होती तेही मेले, आणि लस दिलेल्यांतलेही बरेच दगावले. हे २००१ साली प्रसिद्ध झालं. अर्ज भरताना त्या मंडळींनीही हेतूच लिहिला असता, आणि तो खरा असता! आता तुमच्या प्रकल्पात विषाणूची लागण क्षमता, यजमान (विषाणू ज्या प्राण्यात वाढतो तो) बदलणं, लस किंवा औषधाला दाद न देणं, निदानातून निसटणं यातलं काही दूरूनही येत असेल, तर ‘हो’ लिहा. ‘हो’ लिहिल्याने अर्ज बाद होत नाही. ‘हो’ लिहून पुढे काहीच नसलं तर मात्र परीक्षकांचे प्रश्न येतात.

पुढे काय लिहायचं? नेमका कोणता निष्कर्ष धोक्याचा आहे, तो कुणाकुणाच्या हाती असेल, नमुने आणि माहिती कुठे बंद राहील, कृत्रिम डीएनए मागवताना पुरवठादार डीएनएचा क्रम आणि ग्राहक दोन्ही तपासतो का, आणि एखादा अनपेक्षित निकाल आला तर छापायच्या आधी कोण कुणाला विचारणार. एक पान पुरतं. ‘सर्व आंतरराष्ट्रीय नियमांचे पालन केले जाईल’ या वाक्याने कुणाचंही समाधान होत नाही.

आता कुणाकडेच नसणारा कागद. अर्जदार जोडतात ते संस्थेच्या जैवसुरक्षा समितीचं पत्र. यात दोष आपल्या भाषेचाही आहे. बायोसेफ्टी आणि बायोसिक्युरिटी या दोन्हींना आपण ‘जैवसुरक्षा’च म्हणतो. पहिलीत जंतूपासून माणसाला जपायचं असतं, दुसरीत माणसापासून जंतूला. त्या समितीने हातमोजे, हवेचा दाब आणि कचऱ्याची विल्हेवाट पाहिलेली असते. गैरवापराचा विषय तिच्यापुढे कधी आलेलाच नसतो. बहुतेक संस्थांत तो पाहणारी समिती नसते. मग उगाच तसं पत्र तयार करू नका. समिती नाही हे सरळ लिहा आणि प्रकल्पाबाहेरचा एक स्वतंत्र सल्लागार नेमण्याची तरतूद दाखवा.

काही जण या जागी लिहितात, ‘आमचा देश जैविक शस्त्रबंदी कराराचा सदस्य आहे.’ करार १९७२चा, अंमल १९७५पासून, आणि त्याखाली सरकारं दर वर्षी १५ एप्रिलपर्यंत माहिती देतात. ती जबाबदारी सरकारची. तुमच्या फ्रीजरमध्ये काय आहे याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

निर्यात परवाना म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कुरिअरचा डबा येतो. पण तंत्रज्ञान ईमेलने पाठवणं हीसुद्धा निर्यातच. रोटरडॅमचे विषाणुशास्त्रज्ञ रॉन फूशिए यांचा बर्ड फ्लूचा विषाणू फेरेटमध्ये (मुंगसासारखा छोटा प्राणी) हवेतून पसरण्याविषयीचा शोधनिबंध होता. २०१२ साली तो अमेरिकेतल्या नियतकालिकाला पाठवण्यासाठी डच सरकारने त्यांना निर्यात परवाना घ्यायला लावला. ‘हे मूलभूत संशोधन आहे, त्याला सूट असते’ हा मुद्दा २०१३मध्ये तिथल्या न्यायालयातही टिकला नाही. तेव्हा ‘मूलभूत संशोधन’ लिहून सुटका होईल यावर विसंबू नका. भागीदाराच्या देशाचे नियम वेगळे असतील, तर त्यांच्याकडूनही आधीच विचारून घ्या. परवान्याला महिने लागतात आणि ‘अर्ज केला आहे’ म्हणजे परवाना नव्हे.

प्रशिक्षणाचा परिच्छेद तर सगळ्यात पोकळ असतो: ‘जनजागृतीसाठी कार्यशाळा घेतली जाईल.’ कुणासाठी? मॅल्कम डँडो आणि ब्रायन रॅपर्ट या ब्रिटनमधल्या अभ्यासकांनी अनेक देशांत जीवशास्त्रज्ञांशी बैठका घेतल्या, तेव्हा बऱ्याच जणांनी गैरवापराच्या प्रश्नाचा कधी विचारच केलेला नव्हता. तुमच्या प्रकल्पातले विद्यार्थी त्याहून वेगळे असतील असं समजू नका. दोन भागीदारांनी मिळून, स्वतःच्याच प्रयोगातली एक पायरी घेऊन, ‘इथे काय बिघडू शकतं’ यावर दोन तास बसणं हे परदेशी पाहुण्याच्या भाषणापेक्षा कामाचं. आधाराला शास्त्रज्ञांच्या आचरणासाठीची तियानजिन मार्गदर्शक तत्त्वं आहेत (२०२१), जीवविज्ञानाच्या जबाबदार वापराविषयीची जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ची चौकट आहे. नुसती नावं टाकू नका, त्यातलं काय वापरणार ते लिहा.

अंतिम मुदत साधारणपणे संध्याकाळी पाचची असते, पण ती ब्रुसेल्सची वेळ. हिवाळ्यात भारतात तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात, उन्हाळ्यात साडेआठ. घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकतं. एप्रिलमध्ये साडेनऊ धरून बसलेल्याला पोर्टल तासभर आधीच बंद झालेलं दिसतं आणि तिथे कुणाचीही गयावया चालत नाही. मुदतीआधी अर्ज कितीही वेळा बदलून भरता येतो, शेवटचा धरला जातो. म्हणून कच्चा का होईना, दोन दिवस आधी एकदा भरून ठेवा.

निवड झाल्यावर नीतिमत्तेची छाननी होते. कधी अटी घातल्या जातात आणि त्या करारात बांधल्या जातात. तुम्ही अर्जात लिहिलेला सल्लागार आणि ते दोन तास तेव्हा तारखेसकट मागितले जातात.