आयफेलला वळसा घातला तो एअरशिपने, विमानाने नाही

‘सांतोस-द्युमाँने विमानातून आयफेल टॉवरला फेरी मारली’ हे वाक्य अधूनमधून वाचायला मिळतं. पॅरिसमध्ये उड्डाणं करणारा हा ब्राझीलचा वैमानिक. म्हणजे माणूस बरोबर, शहरही बरोबर. फक्त पाच वर्षांच्या अंतराने उडालेली दोन वेगळी यानं यात एक झाली आहेत. आयफेलची फेरी १९०१ची, ‘क्रमांक ६’ या एअरशिपची. विमान १९०६चं, ‘१४-बिस’. ते पॅरिसच्या बागातेल मैदानावर जमिनीपासून जेमतेम काही मीटर उंच उडालं.

एअरशिप म्हणजे हायड्रोजनने फुगवलेली लांबट पिशवी, तिच्याखाली टांगलेली टोपली, इंजिन आणि सुकाणू. वर धरून ठेवायचं काम वायूचं, इंजिन नुसतं पुढे ढकलतं. १९ ऑक्टोबर १९०१ला सांतोस-द्युमाँ पॅरिसजवळच्या सँ-क्लूहून निघाला. आयफेलला वळसा घालून अर्ध्या तासात परत यायचं, बक्षीस एक लाख फ्रँक. टॉवर ओलांडून परतताना इंजिन धापा टाकू लागलं, तेव्हा पठ्ठ्याने सुकाणू सोडून दिलं आणि कार्ब्युरेटरशी खटपट केली! यान भरकटलं, पण पडलं नाही. वेळेवरून परीक्षकांनी घोळ घातलाच; शेवटी बक्षीस मिळालं आणि त्यातला मोठा वाटा त्याने पॅरिसच्या गरिबांना देऊन टाकला.

एअरशिपचा घात होतो तो वायू गेल्यावर. त्याच ऑगस्टमध्ये ‘क्रमांक ५’मधला हायड्रोजन गळला, पिशवी सैल पडली, तारा पंख्यात अडकायला लागल्या. इंजिन बंद करावं लागलं आणि यान पॅरिसमधल्याच त्रोकादेरोजवळच्या एका हॉटेलवर आदळलं. भिंतीला लटकलेल्या या गृहस्थाला अग्निशमन दलाने वर ओढून काढलं.

‘१४-बिस’ला मात्र वायूचा आधार नव्हता. खोक्याच्या पतंगासारखे पंख, ५० अश्वशक्तीचं आंत्वानेत इंजिन, आणि वेग असेल तोवरच उड्डाण. शेपूट पुढच्या बाजूला, त्यामुळे फोटोत ते उलटं उडताना दिसतं. चालक टोपलीत उभा. नंतर बसवलेल्या एलेरॉनच्या (विमानाचा कल सावरणाऱ्या हलत्या फळ्यांच्या) दोऱ्या त्याच्याच अंगाला जोडलेल्या. तोल सावरायचा तर स्वतः कलायचं. २३ ऑक्टोबर १९०६ला ते साधारण ६० मीटर गेलं, १२ नोव्हेंबरला २२० मीटर. गोंधळाला नावही कारणीभूत असावं: हे विमान आधी ‘क्रमांक १४’ या एअरशिपखाली टांगून तपासलं होतं, म्हणून ते ‘१४-बिस’, म्हणजे ‘१४, पुन्हा एकदा’.

मग पहिलं विमान कोणाचं? ब्राझीलमध्ये आजही ‘१४-बिस’चंच नाव घेतात. ते स्वतःच्या चाकांवर धावून, जाहीरपणे, अधिकृत निरीक्षकांसमोर उडालं हा त्यांचा मुद्दा खराच आहे. तरी मला राइट बंधूंचं पारडं जड वाटतं. १९०३चं त्यांचं पहिलं उड्डाण बाजूला ठेवलं तरी ऑक्टोबर १९०५मध्ये ते एका दमात जवळपास ३९ किलोमीटर उडत होते.