केळीभावाची ‘ताजी’ वेळ: पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्याच्या रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात केळीचा माल आज कापायचा की उद्या, हे बरेचदा भाव पाहून ठरते. नवती (नव्या लागवडीचा), पिलबाग (आधीच्या झाडाच्या पिलांचा), वापसी (हलक्या प्रतीचा) अशा मालाचे भाव वेगळे. शिवाय बऱ्हाणपूरच्या लिलावावरही डोळा असतो. हे भाव मोबाइलवर येऊ लागल्यापासून खाली ‘शेवटचे अपडेट’ अशी ओळ असते. वाद आहे तो तिच्यावरून.

ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारा क्रॉन युनिक्सवर सत्तरच्या दशकापासून आहे, पण त्याला स्वतःचे मशीन चालू ठेवावे लागे. २०१४ मध्ये स्वतःचे मशीन न ठेवता छोटा प्रोग्राम, म्हणजे फंक्शन, चालवून देणारे अ‍ॅमेझॉनचे लॅम्डा आले, पुढच्या वर्षी त्याला वेळापत्रक मिळाले. २०१७ मध्ये गुगलच्या फायरबेस या अ‍ॅप-सेवेत फायरस्टोअर हा डेटाबेस आला आणि २०१९ मध्ये फायरबेसच्या फंक्शनलाही वेळापत्रक जोडता येऊ लागले. दर पंधरा मिनिटांनी भाव ओढणे दोन पोरांच्या टीमलाही परवडू लागले.

गोची इथे झाली. भाव कालचाच असेल तर फंक्शनने डेटाबेसमधल्या भावाच्या नोंदीला, म्हणजे डॉक्युमेंटला, हात लावायचा का? एक बाजू म्हणते, नको. प्रत्येक लिखाणाचे पैसे पडतात, आणि नुसती वेळ बदलली तरी ते डॉक्युमेंट ऐकत (बदल कळावा म्हणून जोडलेल्या) बसलेल्या प्रत्येक मोबाइलमागे एकेक वाचन बिलात चढते. पण मग भाव तीन दिवस हलला नाही की अ‍ॅप बंद पडले समजून शेतकऱ्यांचे फोन सुरू होतात. दुसरी बाजू दर फेरीला वेळ पुढे सरकवते. ओळ कायम ताजी. स्रोत अडकून जुनेच आकडे देत राहिला तरीही ताजीच. ही पद्धत टिकली, कारण तिच्यात तक्रारी कमी येतात, एवढेच.

खरे तर वेळा तीन आहेत: भाव जाहीर झाल्याची, आकडा बदलल्याची आणि फंक्शनने शेवटचे तपासल्याची. ताजेपणा मोजायचा पहिलीवरून. तिसरी वेगळ्या छोट्या डॉक्युमेंटात ठेवली, जे मोबाइल ऐकत नाहीत, की वाचनांचे बिलही वाढत नाही. डेटाबेसची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या रेप्लिकेशनवाल्यांना हे आधीच भोवले होते. प्रत किती मागे आहे याचा आकडा शून्य दिसे आणि दुवा मात्र अडकलेला असे; म्हणून मुख्य सर्व्हरवर ठरावीक अंतराने वेळ लिहून ती प्रतीवर वाचायची हार्टबीट टेबलची रीत आली.

हा ताजेपणा मोजणारे फंक्शनही वेळापत्रकावरच चालते. फायरबेसमध्ये टाइमझोन लिहिला नाही तर लॉस एंजेलिसचा धरला जातो, म्हणजे सकाळी सातला लावलेली तपासणी जळगावात उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातला आणि हिवाळ्यात रात्री साडेआठला चालते. वर एकच फेरी क्वचित दोनदाही सुटते, त्यामुळे भाव शिळा झाल्याचा इशाराही दोनदा जाऊ शकतो. बाजार बंद असेल त्या दिवशी तर नवा भाव निघतच नाही. म्हणून इशाऱ्याची मर्यादा सरसकट २४ तासांची न ठेवता बाजाराच्या कॅलेंडरला बांधावी लागते, आणि ते कॅलेंडर दरवर्षी कुणीतरी हातानेच भरते.