ग्लेझ्ड गाजर: पाक आधी की नंतर

एअर फ्रायरमध्ये, म्हणजे गरम हवा फिरवून भाजणाऱ्या छोट्या यंत्रात, मध आणि लोणी लावून केलेली गाजरं आता अमेरिका-युरोपात रोजच्या जेवणातली तोंडीलावणी झाली आहेत. पंधरा-वीस मिनिटांचं काम, एक बास्केट, धुवायला एक वाडगा. तरीही ही साधी गोष्ट बिघडते, आणि ठरावीक दोनच प्रकारांनी बिघडते. एकतर कडा काळ्या पडून कडवट लागतात आणि आतलं गाजर कच्चं राहतं, नाहीतर मध खाली गळून जातो आणि गाजरं कोरडी, सुरकुतलेली निघतात. दोन्हींचं मूळ एकच आहे. ग्लेझची, म्हणजे भाजीवर चकाकणारा पाक चढवण्याची, पद्धत पातेल्यासाठी घडली. पातेल्यात पाणी असतं, पाक तिथेच आटतो आणि तळाशी थांबतो. एअर फ्रायरच्या बास्केटला तळ आहे तो जाळीचा. म्हणून पातेल्यातली कृती जशीच्या तशी इथे आणता येत नाही, आणि काय बदलायचं हे कळायला ती कृती मुळात कशी घडली ते पाहावं लागतं.

आधी गाजराबद्दल. गाजराची लागवड मध्य आशियात, आजच्या इराण-अफगाणिस्तानाच्या पट्ट्यात सुरू झाली, आणि तिथली सुरुवातीची गाजरं जांभळी आणि पिवळी होती. नारिंगी गाजर युरोपात, मुख्यतः नेदरलँड्समध्ये, सोळाव्या-सतराव्या शतकात रुळलं. ‘ऑरेंज’ नावाच्या डच राजघराण्याच्या सन्मानासाठी ते मुद्दाम नारिंगी केलं ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण तिला समकालीन पुरावा नाही. स्वयंपाकाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की जांभळं गाजर शिजताना पाण्यात रंग सोडतं आणि सगळा रस मळकट करतं. नारिंगी रंगद्रव्य मात्र पाण्यात विरघळत नाही, तुपा-लोण्यात विरघळतं. त्यामुळे लोणी घातलेला रस गाजराच्याच रंगाने सोनेरी होतो. चकाकणारं गाजर ताटात सुंदर दिसतं यात या गुणाचा वाटा मोठा आहे.

ग्लेझची शिस्त बसवली फ्रेंच स्वयंपाकघरांनी. तिथल्या पद्धतीत गाजराचे सारख्या जाडीचे तुकडे पसरट पातेल्यात एका थरात मांडतात, जेमतेम बुडतील इतकंच पाणी घालतात, आणि त्यातच लोणी, साखर, मीठ. वर बटर पेपरचा गोल कापून ठेवतात, मधोमध छोटं भोक पाडून. पूर्ण झाकण ठेवलं तर पाणी आटत नाही, उघडं ठेवलं तर गाजर शिजायच्या आत आटतं. कागदाचा गोल या दोन्हींच्या मधला मार्ग काढतो. सगळी कसरत वेळ जुळवण्याची आहे: गाजर मऊ व्हायला आणि पाण्याचा पाक व्हायला एकच क्षण गाठायचा. शेवटी पातेलं हलवत राहायचं, म्हणजे पाक प्रत्येक तुकड्याला वेढून बसतो. आपल्या भाषेत सांगायचं तर हा पाक एकतारीच्या जरा अलीकडेच थांबवायचा असतो. आणखी आटवला तर साखर आणि लोणी एकमेकांना सोडतात, लोणी तेलासारखं बाजूला तरंगतं आणि गाजरावर चकाकीऐवजी तेलकटपणा येतो. असं झालंच तर चमचाभर पाणी घालून पातेलं जोरात फिरवलं की पाक पुन्हा एकजीव होतो.

यातला सर्वांत नावाजलेला प्रकार म्हणजे कॅरॉत व्हिशी. व्हिशी हे मध्य फ्रान्समधलं उष्ण झऱ्यांचं गाव. 1860च्या दशकात फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन तिथे उपचारासाठी येऊ लागला आणि गावाचा नूर पालटला. तिथल्या पाण्यात सोडियम बायकार्बोनेट भरपूर असतं, म्हणजे आपला खायचा सोडा. गाजराच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन अल्कधर्मी पाण्यात लवकर सुटतं, म्हणून या पाण्यात गाजर लवकर आणि लुसलुशीत शिजतं. व्हिशीचं पाणी नसेल तर अर्ध्या लिटर साध्या पाण्यात चिमूटभर सोडा टाकून तोच परिणाम मिळतो. चिमटीपेक्षा जास्त टाकला तर गाजराचा लगदा होतो आणि चवीला साबणासारखं लागतं. याच्या उलट, आंबटाने पेक्टिन घट्ट धरून राहतं. लिंबू किंवा संत्र्याचा रस सुरुवातीलाच घातला की गाजर शिजायला वेळ लावतं. एअर फ्रायरच्या कृतीत लिंबू शेवटी का घालायचं, याचं उत्तर इथे आहे.

ग्लेझ घरोघरी पोचला तो साखर स्वस्त झाल्यावर. 1747 मध्ये बर्लिनच्या आंद्रेआस मार्ग्राफने बीटाच्या मुळांतून साखर वेगळी करून दाखवली. त्याचा शिष्य आखार्ड याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सायलेशियात बीटापासून साखरेचा कारखाना उभारला. पहिल्या नेपोलियनच्या काळातल्या नाकेबंदीमुळे वेस्ट इंडीजची उसाची साखर फ्रान्सला दुर्मीळ झाली आणि तिथे बीटाच्या साखरेला सरकारी बळ मिळालं. शतक सरता सरता साखर ही चैनीची वस्तू राहिली नव्हती, आणि भाजीत चमचाभर साखर घालताना कोणाला विचार करावा लागत नव्हता.

अमेरिकेत या पद्धतीला वेगळं वळण लागलं, आणि आजच्या कृतीसाठी तेच जास्त महत्त्वाचं आहे. 1896 मध्ये निघालेल्या फॅनी फार्मर यांच्या बॉस्टन कुकिंग स्कूलच्या पुस्तकात ग्लेझ्ड रताळ्यांची कृती आहे. रताळी आधी दहा मिनिटं मिठाच्या पाण्यात उकडायची, उभी अर्धी कापून लोणी लावलेल्या ट्रेमध्ये मांडायची. अर्धा कप साखर आणि चार चमचे पाणी तीन मिनिटं उकळून पाक करायचा, त्यात चमचाभर लोणी घालायचं. पाक रताळ्यांवर ब्रशने लावून पंधरा मिनिटं ओव्हनमध्ये भाजायचं आणि मध्ये दोनदा उरलेला पाक वरून लावायचा. इथे तीन गोष्टी सुट्या झाल्या आहेत: शिजवणं वेगळं, पाक वेगळा, आणि भाजून चकाकी आणणं वेगळं. फ्रेंच पातेल्यात हे तिन्ही एकाच वेळी चालायचं. एअर फ्रायरमधल्या चांगल्या कृतीचा वंश पातेल्याकडून येत नाही, तो या ओव्हनच्या कृतीकडून येतो, आणि मधाची काळी पडलेली गाजरं बहुतेक वेळा हे न ओळखल्यामुळे होतात.

हाच क्रम मराठी स्वयंपाकघराला परका नाही. एकादशीला होणाऱ्या रताळ्याच्या गोड काचऱ्या हा आपल्याकडचा ग्लेझच आहे. तुपावर काचऱ्या परतायच्या, वर पाण्याचं ताट ठेवून वाफेवर मऊ करायच्या, आणि त्या शिजल्यानंतरच गूळ किंवा साखर घालून पाक काचऱ्यांना धरेपर्यंत हलक्या हाताने हलवायचं, मग वेलदोडा आणि ओलं खोबरं. गूळ आधी पडला की काचऱ्या दाठर राहतात. मोड आलेली मटकी शिजण्याआधी गूळ-आमसूल घालू नये, हा नियमही त्याच जातीचा. साखर पेशींतलं पाणी ओढून घेते आणि पेक्टिन सुटायला उशीर लावते. ज्या घरात काचऱ्या नीट होतात, तिथे एअर फ्रायरची गाजरं बिघडायचं कारण नाही.

गाजराच्या गोडीला विसाव्या शतकात आणखी एका कारणाने महत्त्व आलं. ब्रिटनमध्ये जानेवारी 1940 मध्ये साखरेवर रेशन आलं आणि अन्न मंत्रालयाने गाजराचा जोरदार प्रचार केला. पुडिंगात, केकमध्ये साखरेची तूट गाजराने भरून काढली जाई. गाजरात शंभर ग्रॅममागे साधारण पाच ग्रॅम साखर असते, आणि भाजून पाणी उडालं की ती जिभेला जास्त जाणवते. म्हणूनच भाजलेल्या गाजराला मध कमी पुरतो. मग 1986 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डजवळचे शेतकरी माइक युरोसेक यांनी वेडीवाकडी, बाजारात न खपणारी गाजरं दोन-दोन इंचांचे तुकडे करून, यंत्राने सोलून, गुळगुळीत करून विकायला सुरुवात केली. हीच ती पिशवीतली ‘बेबी कॅरट’. सोलायचं-चिरायचं काम गेलं आणि झटपट ग्लेझ्ड गाजरांना तयार कच्चा माल मिळाला. मात्र ही गाजरं पिशवीत ओलसर असतात. ती फडक्याने कोरडी न करता बास्केटमध्ये टाकली तर पहिली पाच-सहा मिनिटं वाफ काढण्यातच जातात.

यंत्राचा इतिहास वेगळ्या वाटेने आला. गरम हवा पंख्याने फिरवून अन्न तापवायची कल्पना जुनी आहे. 1945 मध्ये अमेरिकेत विल्यम मॅक्सन यांनी विमानात गोठवलेलं जेवण गरम करण्यासाठी ‘व्हर्लविंड’ नावाचा पंख्याचा छोटा ओव्हन तयार केला. पुढे पंख्याचे ओव्हन बेकऱ्यांत आणि घरांत आले. अन्नाभोवती बाष्पाचा जो गार थर साचतो तो वारा सतत उडवून लावतो, म्हणून त्याच तापमानाला वरचा भाग लवकर कोरडा होतो आणि लवकर तांबूस होतो. डच संशोधक फ्रेड व्हान डेर वाय यांनी कमी तेलात बटाट्याचे फ्राइज कुरकुरीत करायच्या खटपटीत हीच कल्पना लहान, बंद डब्यात बसवली. वर कॉइल आणि पंखा, खाली जाळीची बास्केट, आणि बास्केटखाली हवेला पुन्हा वर वळवणारा तळ. फिलिप्सने 2010 च्या सप्टेंबरमध्ये बर्लिनच्या इफा या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात हे यंत्र ‘एअरफ्रायर’ म्हणून आणलं. म्हणजे हे यंत्र जन्माला आलं तेच पृष्ठभाग सुकवण्यासाठी. ग्लेझला मात्र ओलावा टिकवायचा असतो. ही ओढाताण कृतीतच सोडवावी लागते.

अर्धा किलो गाजरांसाठी प्रमाण असं. चार लिटरच्या आसपासच्या बास्केटमध्ये एवढीच एका थरात मावतात, आणि यापेक्षा जास्त भरली तर मधली गाजरं उकडल्यासारखी होतात. गाजरं सोलून बोटभर लांब आणि दीड सेंटिमीटर जाड तुकडे करावेत. वरचा जाड भाग उभा चिरावा, टोकाकडचा तसाच ठेवावा, म्हणजे सगळे एकदम शिजतात. एक मोठा चमचा तेल आणि अर्धा छोटा चमचा मीठ चोळावं. या टप्प्यावर गोड काहीही नको. यंत्र तीन मिनिटं 190 अंश सेल्सिअसला तापवून गाजरं पसरावीत आणि 12 ते 14 मिनिटं ठेवावीत, निम्म्या वेळाने बास्केट एकदा हलवावी. सुरीचं टोक किंचित अडखळत आत गेलं की पहिला टप्पा झाला.

तेवढ्यात छोट्या कढल्यात दीड मोठा चमचा मध, 15 ग्रॅम लोणी आणि मिरपूड एकत्र गरम करावी, बुडबुडे येईपर्यंतच. गाजरं मोठ्या वाडग्यात काढून त्यावर हे ओतावं आणि घोळवावं. मग फक्त गाजरं बास्केटमध्ये परत टाकावीत, वाडग्याच्या तळाशी उरलेला पाक तिथेच राहू द्यावा. दोन ते तीन मिनिटं, जास्त नाही. मधात ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त असतं आणि फ्रुक्टोज 110 अंशांच्या आसपास करपायच्या वाटेला लागतं, तर नेहमीच्या साखरेला 160 अंश लागतात. मधातलं पाणी संपेपर्यंत त्याचा थर वाचतो, संपलं की अर्ध्या मिनिटात सोनेरीचा काळा होतो. म्हणून दुसऱ्या मिनिटाला उघडून पाहावंच. कडांवर बारीक फोड आल्यासारखे दिसले की गाजरं काढून पुन्हा त्याच वाडग्यात टाकायची, उरलेल्या पाकात घोळवायची आणि एक छोटा चमचा लिंबाचा रस पिळायचा. खरी चकाकी या शेवटच्या घोळवण्याने येते, बास्केटमध्ये फक्त कडा खमंग होतात.

मध गळून खालच्या तापलेल्या भांड्यात पडला तर धूर होतो आणि तो वास गाजरांना लागतो. त्यावर बटर पेपर घालायचा असेल तर भोकांचा घ्यावा आणि गाजरांच्या वजनाखालीच ठेवावा. रिकामं यंत्र तापवताना नुसता कागद आत असला तर पंखा तो उचलून कॉइलला चिकटवतो. दुसरा उपाय म्हणजे बास्केटमध्ये मावेल असा छोटा केक टिन. त्यात पाक थांबतो, पण खालून हवा लागत नसल्यामुळे पहिल्या टप्प्याला चार-पाच मिनिटं जास्त द्यावी लागतात आणि कडा तेवढ्या खरपूस होत नाहीत. दालचिनीची किंवा जिऱ्याची पूड कोरडी भुरभुरली तर वाऱ्याने उडते आणि उरलेली करपते, ती लोण्यात मिसळूनच घालावी.

मधाऐवजी गूळ वापरायचा तर दोन मोठे चमचे किसलेला गूळ एक मोठा चमचा पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, मग लोणी. कोरडा गूळ गरम गाजरांवर टाकला तर गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्याच आधी जळतात. हिवाळ्यात मिळणारी लाल दिल्ली गाजरं घेतली तर मध एका चमच्यावर आणावा, कारण ती मुळातच जास्त रसाळ आणि गोड असतात. मोसमाच्या शेवटी त्यांचा मधला दांडा निबर होतो, तो उभा चिरून काढून टाकावा, आणि उरलेले तुकडे पातळ असल्यामुळे पहिला टप्पा दहा मिनिटांतच तपासावा.