दर सांगण्याआधी : आमच्या फोटोग्राफर ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लग्नसराई तोंडावर आली की आमच्या लॅबच्या काउंटरवर अल्बमच्या ऑर्डरीबरोबर एक प्रश्न हमखास येतो: "गल्लीतल्या पोरानं पस्तीस हजारात लग्न घेतलंय, आता मी किती सांगू?" सांगली-मिरज भागातल्या फोटोग्राफरांचे अल्बम छापणं हा आमचा धंदा. कुणी किती घ्यावेत हे सांगणारे आम्ही कोण? पण काम कसं दाखवलं जातं, पैसे कुठे अडकतात आणि पार्टीशी वाद कशावरून होतात, हे छपाईच्या टेबलावरून स्वच्छ दिसतं. म्हणून हे चार कागद.

आमचं म्हणणं एवढंच, की दुसऱ्याचा दर बघून त्यातून पाचशे-हजार कमी करणं म्हणजे दर ठरवणं नव्हे. त्याचं दुकान स्वतःचं आहे की भाड्याचं, कॅमेऱ्याचे हप्ते फिटलेत की नाहीत, हे तुम्हाला ठाऊक नसतं. दर आपल्या वहीतून निघायला हवा.

काय दाखवता?

सूर्यास्तातलं जोडपं, मागे किल्ला, हातात रंगीत धूर. हे फोटो आता सगळ्यांकडे आहेत. मुलीच्या वडिलांना वेगळंच जाणून घ्यायचं असतं. कार्यालयातल्या पिवळ्या-जांभळ्या लाइटमध्ये, पाचशे लोकांच्या गर्दीत, अंतरपाट दूर झाला तेव्हा तुम्ही कुठे उभे होता? म्हणून वीस लग्नांतले निवडक वीस फोटो दाखवण्यापेक्षा एकच लग्न पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवा. हळद, सीमांत पूजन, मंगलाष्टकं, सप्तपदी, कानपिळी, पंगत, पाठवणी, सगळं. अर्थात त्या घरच्यांची परवानगी घेऊन.

अल्बम न्यायला घरचे लोक तुमच्याबरोबर आमच्याकडे येतात तेव्हा एक गोष्ट नेहमी दिसते. घरातली बाई पहिल्या पानावर थांबतच नाही. ती भराभर पानं उलटून माहेरची माणसं शोधते. भाऊ आलाय का, आईचा एकटीचा फोटो आहे का, मामानं नवरीला बोहल्यावर आणलं ते पान कुठे आहे. डिझायनरनं घातलेली फुलं आणि इंग्रजी सुविचार कुणी वाचत नाही. नमुना अल्बममध्ये माणसं दिसू द्यात. आमच्या मते तो सगळ्यात भारी जाहिरातफलक आहे.

नमुना अल्बम जो विकणार आहात तसाच असावा. पॅकेज तीस शीटचं आणि टेबलावर साठ शीटचा जाडजूड, वेल्वेट बॉक्समधला अल्बम, हा वादाचा मुहूर्तच समजा. शीट आणि पान यांचा घोळही तिथेच मिटवा. १२ बाय ३६ इंचांची एक शीट उघडली की समोर १२ बाय १८ ची दोन पानं दिसतात, म्हणजे तीस शीटची साठ पानं. हे बोटानं दाखवून सांगा आणि लिहूनही द्या.

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर साधे फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो, आणि पार्टी तुमचं काम त्या मऊ पडलेल्या फाइलवरून जोखते. मोबाइलचा ब्राइटनेस पूर्ण ठेवून फोटो दाखवणारे पुढे प्रिंट काळपट आली म्हणून आमच्याकडे तक्रार घेऊन येतात. छापील अल्बम दाखवला की हा प्रश्नच उरत नाही.

दर कसा काढायचा?

"दोन दिवसांचे किती घेता?" असं पार्टी विचारते आणि आपणही दोन दिवसांचेच सांगून मोकळे होतो. हळद आणि लग्न मिळून शूट दोन दिवसांचं असेल, पण काम तेवढ्यावर संपत नाही. निवड करायला एक दिवस, कलर आणि एडिटिंगला तीन, अल्बम डिझाइनला दीड, भेटीगाठी आणि दुरुस्त्यांना अर्धा. झाले आठ दिवस. व्हिडिओ वेगळाच.

आता वही काढा. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, त्या जागी स्वतःचे घाला.

समजा, कॅमेरे, लेन्स, फ्लॅश आणि कॉम्प्युटर मिळून सहा लाखांचा माल आहे आणि तो चार वर्षं चालेल असं धरलं, तर वर्षाला १,५०,००० रुपये झिजले. दुरुस्ती आणि विमा ३०,०००. दुकानभाडं आणि लाइटबिल १,२०,०००. सॉफ्टवेअर, इंटरनेट, हार्ड डिस्क ३६,०००. बेरीज ३,३६,०००. यात तुमचा स्वतःचा पगार घाला. हो, पगार. बरेच जण तो धरतच नाहीत आणि गल्ल्यात उरेल ते आपलं असं चालवतात. महिना ४०,००० धरला तर वर्षाचे ४,८०,००० झाले. एकूण ८,१६,०००.

वर्षात लग्नं किती मिळतात? इथे बाराही महिने मोजू नका. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत चातुर्मासात मुहूर्त जवळपास नसतात, आणि गुरू-शुक्राचा अस्त आला की आणखी तारखा जातात. चोवीस लग्नं धरली तर एका लग्नावर ३४,००० रुपये पडतात. हे झालं फक्त तुमचं शटर उघडं ठेवायला.

त्यावर त्या लग्नाचा थेट खर्च येतो. दुसरा फोटोग्राफर दोन दिवसांचे ८,०००, अल्बम छपाई, कव्हर आणि बॉक्स मिळून ७,०००, गाडी-पेट्रोल ३,०००, पेन ड्राइव्ह आणि किरकोळ १,०००. म्हणजे १९,०००. बेरीज गेली ५३,००० वर. बिघाड, बुडीत आणि रद्द झालेल्या तारखांसाठी दहा टक्के ठेवलेत तर ५८,३००. आता गल्लीतल्या पोराच्या पस्तीस हजारांकडे पुन्हा बघा. एक तर त्याचा खर्च खरोखरच कमी आहे, नाहीतर तो कॅमेरा विकून खातोय आणि त्याला अजून ते कळलेलं नाही.

हिशेबातून निघालेला आकडा बाजाराला जड वाटला तर काम कमी करा: शीट कमी, माणूस कमी, एक कार्यक्रम कमी. तेवढंच काम ठेवून नुसता आकडा खाली आणू नका. घासाघीस तर होणारच. "घरचंच कार्य आहे, बघा जरा" असं कुणी म्हणालं की "बघतो की. हळद वजा करू, का दहा शीट कमी करू?" असं हसून विचारा. निम्म्या वेळा पार्टीच म्हणते, राहू द्या आहे तसं. चुलतभावाच्या लग्नात सूट द्यायचीच असेल तर पूर्ण दर लिहून खाली "सप्रेम सूट" म्हणून वेगळी ओळ टाका. नाहीतर मांडवातला प्रत्येक पाहुणा तोच तुमचा दर समजतो.

कोटेशनच्या कागदावर

सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम ही नावं आमच्या डोक्यात जातात. ऐकून कुणालाच काही कळत नाही. दोन पॅकेजेस पुरेत, आणि नावांऐवजी मजकूर लिहा: कोणते कार्यक्रम, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, किती माणसं, किती शीट, कोणता कागद, किती एडिट केलेले फोटो, किती दिवसांत. काय मिळणार नाही हेही लिहा. जादा शीटचा दर, रात्री वरात लांबली तर तासाचा दर, डिझाइनमध्ये दुरुस्तीच्या किती फेऱ्या, मूळ फाइली किती महिने सांभाळणार. या चार ओळी नसल्या की चौथ्या महिन्यात फोन सुरू होतात.

ड्रोन भाड्यानं लावत असाल तर एक विचारून घ्या. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण त्याहून जड ड्रोननं पैसे घेऊन काम करायचं तर चालवणाऱ्याकडे ते हवं. कार्यालय विमानतळाजवळ किंवा लष्करी हद्दीजवळ असेल तर परवानगीशिवाय उडवूच नका.

पैसे तीन टप्प्यांत घ्या: तारीख पक्की करताना, कार्याच्या आदल्या दिवशी आणि अल्बम छपाईला जाण्यापूर्वी. तिसरा टप्पा आम्ही मुद्दाम सांगतोय. आमच्या रॅकवर तयार अल्बम पडून असतात ते बहुतेक याच कारणानं: पार्टीनं उरलेले पैसे दिले नाहीत, म्हणून फोटोग्राफरनं आमचे दिले नाहीत. छापलेला अल्बम दुसऱ्या कुणाला विकता येत नाही.

फोटो कुणाचा?

"काढला मी, म्हणजे हक्क माझा" हे बरेच जण ठामपणे सांगतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ वेगळं सांगतं. कुणी पैसे देऊन, सांगून फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक काढून घेणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो पार्टीचे. ते तुमच्या इन्स्टाग्रामवर किंवा दुकानाच्या फलकावर लावायचे तर कोटेशनमध्येच तशी ओळ टाका आणि सही घ्या. एखाद्या घरानं नको म्हटलं तर मान ठेवा. मुलीच्या फोटोवरून झालेला वाद धंद्याला परवडत नाही.

बेदाणा, हळद, मसाले विकणाऱ्यांच्या प्रॉडक्ट शूटला हेच कलम उलट बाजूनं कामाला येतं. तिथे हक्क स्वतःकडे ठेवून फक्त वापराची परवानगी द्यायची असेल, तर तसं लिहून घ्यावं लागतं. पाकिटावर छापायचा फोटो आणि एका पोस्टपुरता फोटो यांचा दर सारखा कसा असेल? हक्क देऊन टाकत असाल तर मुदत आणि प्रदेशही लिहा. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. या कामात दर दिवसावर न लावता फोटोमागे लावलेला बरा, कारण पांढऱ्या बॅकग्राउंडवरची बरणी दहा मिनिटांत होते आणि थाळी मांडायला अर्धी सकाळ जाते.

कंपन्यांकडून पैसे लवकर सुटत नाहीत. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट होते, ती करून नंबर बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, उशीर झाला तर व्याजासकट.

जीएसटीबद्दल थोडक्यात. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी लागते आणि फोटोग्राफीवर १८ टक्के कर आहे. नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावू नका. असेल तर सांगितलेला दर करासह की कराशिवाय, हे पहिल्याच फोनवर बोला. बाकी तुमचे सीए सांगतील.

लॅबकडून

नमुना अल्बमची फाइल १२ बाय ३६ ला ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे १०,८०० बाय ३,६०० पिक्सेल, एसआरजीबी या रंगपद्धतीत द्या. मधल्या घडीवर चेहरा येऊ देऊ नका आणि कडेला मजकुरासाठी अर्धा इंच सोडा. कोटेशनचा कोरा मराठी नमुना आणि खर्चाच्या वहीचा तक्ता काउंटरवर ठेवला आहे, मागून घ्या. तुळशीचं लग्न लागलं की आमची मशिनं रात्रीही चालतात, तेव्हा नमुना अल्बमच्या ऑर्डरी दसऱ्याच्या आत दिल्यात तर बरं पडेल.