पीसीओडीतल्या 'गाठी' गाठी नसतातच

मुलीचा सोनोग्राफी रिपोर्ट हातात पडला की आईचा पहिला प्रश्न, "गाठी ऑपरेशन करून काढाव्या लागतील का हो?" तिची चूक नाही, पीसीओडी किंवा पीसीओएस म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी, नावातच सिस्ट म्हणजे गाठ आहे ना. पण त्या गाठी नसतातच. अंडाशयात दर महिन्याला बऱ्याच फॉलिकल, म्हणजे बीज असलेल्या पाण्याच्या बारीक पिशव्या वाढायला लागतात, त्यातली एक पुढे जाते आणि फुटून बीज बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये ती एकसुद्धा नेमाने पुढे जात नाही, सगळ्या 2 ते 9 मिलिमीटरवर अडकून बसतात, म्हणून पाळी लांबते.

1935 मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल या डॉक्टरांनी हा त्रास असलेल्या 7 बायकांची माहिती छापली. अंडाशयाचा तुकडा कापल्यावर सातही जणींची पाळी सुरू झाली, मग काय, सगळा दोष अंडाशयाच्याच माथी बसला.

खरी भानगड बऱ्याच जणींत इन्सुलिनची असते. स्नायू इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, आणि गंमत बघा, स्नायू बहिरे झाले तरी अंडाशयाला मात्र सगळं स्पष्ट ऐकू येतं! तिथल्या थीका पेशी, म्हणजे फॉलिकलभोवतीच्या पेशी, मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचं एलएच हॉर्मोन आणि इन्सुलिन दोघांच्या जोरावर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन जास्त बनवतात. त्यात लिव्हर टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं एसएचबीजी प्रोटीन कमी बनवतं, म्हणजे मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढलंच. हनुवटीवर केस, पिंपल्स, डोक्यावरचे केस विरळ, हे सगळं त्यातूनच. मानेवरचा काळपट पट्टा पण इन्सुलिनचाच, आपल्याकडे मात्र मुलींना "मान नीट घासत जा" म्हणून बोलणी बसतात.

निदानासाठीच्या 2003 च्या रॉटरडॅम निकषांप्रमाणे अनियमित पाळी, जास्तीचे पुरुषी हॉर्मोन आणि सोनोग्राफीतलं चित्र, या तिन्हीतलं दोन असलं की पुरे, अर्थात थायरॉईड वगैरे दुसरी कारणं तपासून झाल्यावर. म्हणजे सोनोग्राफी नॉर्मल असूनही पीसीओएस असू शकतो. आणि पाळी सुरू होऊन 8 वर्षं झाली नसतील तर निदानासाठी सोनोग्राफी वापरूच नये असं आताच्या गाइडलाइन सांगतात, कारण त्या वयात तशा पिशव्या नॉर्मल मुलींतही भरपूर दिसतात.

वजन जास्त असेल तर 5 ते 10 टक्के उतरलं तरी कित्येकींची पाळी रुळावर येते. बारीक मुलींनाही हा त्रास होतो बरं का, त्यांना "वजन कमी कर" सांगून काय उपयोग? ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी करतात ती शुगरची टेस्ट त्यांनीही करून घ्यावी.