एमसीपी गेटवे

एमसीपी गेटवे : एआय सहायकाला टूल्स (फाइल वाचणे, ईमेल पाठवणे अशी कामे करून देणाऱ्या सोयी) पुरवणारे अनेक सर्व्हर एकाच पत्त्यामागे उभे करून त्यांची जोडणी, परवानग्या आणि नोंदी एका जागेवरून सांभाळणारा मध्यस्थ प्रोग्रॅम. सहायकाला तो एक साधा सर्व्हर वाटतो, तर मागच्या सर्व्हरांना तो ग्राहक वाटतो. जुन्या वाड्याच्या देवडीवर बसणाऱ्या माणसाची भूमिका अशीच दुहेरी असे. बाहेरून येणाऱ्याची गाठ आधी त्याच्याशी पडे आणि आतल्यांना बाहेरची खबर त्याच्याकडूनच मिळे. ‘अ‍ॅग्रीगेटर’, ‘हब’, ‘प्रॉक्सी’ अशीही नावे रूढ आहेत. नावांतला फरक बराचसा जाहिरातीचा आहे, काम एकच.

पार्श्वभूमी : मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एमसीपी) हे खुले मानक अँथ्रॉपिक कंपनीने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी जाहीर केले. डेव्हिड सोरिया पारा आणि जस्टिन स्पार-समर्स हे त्याचे मूळ रचनाकार. त्याआधी प्रत्येक सहायकासाठी प्रत्येक सेवेची जोडणी स्वतंत्र लिहावी लागे. पाच सहायक आणि वीस सेवा असतील, तर शंभर जोडण्या. सगळ्यांनी एकच बोली स्वीकारल्यावर पाचांनी एकदा आणि विसांनी एकदा, असे पंचवीसांत भागते. ही युक्ती आधी एकदा यशस्वी झालेली होती. कोड लिहिण्याचे एडिटर आणि प्रोग्रॅमिंगच्या भाषा यांच्यातला असाच गुंता मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये पुढे आणलेल्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलने सोडवला होता. एमसीपीने कल्पनाही तिथूनच घेतली आणि संदेशांसाठी त्याचीच जेसन-आरपीसी ही पद्धत (विनंती आणि उत्तर ठरलेल्या साच्यातल्या मजकुरात पाठवण्याची रीत) वापरली. मार्च २०२५ मध्ये ओपनएआयने आणि एप्रिलमध्ये गूगल डीपमाइंडने मानकाला पाठिंबा दिला. डिसेंबर २०२५ मध्ये अँथ्रॉपिकने ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील एजंटिक एआय फाउंडेशनकडे सोपवले.

शंभराच्या पंचवीस जोडण्या झाल्या खऱ्या, पण त्या कोड लिहिणाऱ्यांच्या हिशोबात. वापरणाऱ्याच्या वाट्याला शंभरच राहिल्या. अँथ्रॉपिकच्या क्लॉड डेस्कटॉप या सहायकाच्या सर्व्हरांची यादी एका जेसन फाइलीत (ठरलेल्या साच्यातल्या मजकुराच्या फाइलीत), कर्सर या कोड एडिटरची दुसरीत, व्हीएस कोड या एडिटरची तिसरीत. आणि क्लॉड ज्या शीर्षकाखाली यादी मागतो, त्याच शीर्षकाखाली व्हीएस कोड मागत नाही. एखाद्या सेवेची ‘की’ (प्रवेशासाठीची गुप्त किल्ली) बदलली, तर ती सगळीकडे बदला. एखादा स्वल्पविराम राहिला तर त्या फाइलीतला एकही सर्व्हर उठत नाही, आणि दोष कुठे आहे हे शोधण्यात संध्याकाळ जाते. त्यातून, संगणकावरच चालणारे सर्व्हर प्रत्येक सहायक आपापले स्वतंत्र सुरू करतो. तीन सहायक आणि दहा सर्व्हर म्हणजे मागे गुपचूप चालणाऱ्या तीस प्रक्रिया. पहिले गेटवे या कटकटीतून जन्मले. यादी एकदाच गेटवेत लिहायची आणि प्रत्येक सहायकाला फक्त गेटवेचा पत्ता द्यायचा.

कार्यपद्धती : सहायक जोडला गेला की तो ‘तुझ्याकडे कोणती टूल्स आहेत?’ असे विचारतो. गेटवे हाच प्रश्न मागच्या प्रत्येक सर्व्हरला विचारतो, आलेल्या याद्या एकत्र करतो आणि एक यादी पुढे ठेवतो. नंतर सहायकाने एखादे टूल वापरायला मागितले, की ते कोणाचे आहे हे पाहून विनंती त्या सर्व्हरकडे वळवतो. सांगायला इतके सोपे आहे. अडचणी सुरू होतात त्या बारकाव्यांत.

पहिला बारकावा नावांचा. ‘सर्च’ नावाचे टूल निम्म्या सर्व्हरांकडे असते. म्हणून गेटवे नावापुढे सर्व्हरचे नाव लावतो, म्हणजे गिटहब या कोड साठवण्याच्या सेवेचा सर्च वेगळा आणि स्लॅक या कार्यालयीन संदेशसेवेचा वेगळा. पण सहायकामागे मजकूर तयार करणाऱ्या अनेक मॉडेलांच्या एपीआयमध्ये (प्रोग्रॅमने त्यांच्याशी बोलण्याच्या ठरलेल्या रीतीत) टूलच्या नावाला ६४ अक्षरांची मर्यादा असते. आधीच लांब असलेल्या नावाला उपसर्ग लागला की ती ओलांडली जाते.

दुसरा बारकावा वाहतुकीचा. स्थानिक सर्व्हर प्रोग्रॅमच्या साध्या इनपुट-आउटपुटवरून बोलतात. तिथे सर्व्हर लिहिणाऱ्याने सवयीने एखादी ‘प्रिंट’ ओळ ठेवली, की ती थेट संदेशांच्या प्रवाहात घुसते आणि संभाषण बिघडते. दूरचे सर्व्हर एचटीटीपी या वेबच्या पद्धतीवरून बोलतात, आणि तीही पद्धत मार्च २०२५ च्या आवृत्तीत बदलली. गेटवे या सगळ्या पद्धती समजून घेतो आणि सहायकाला त्यांपैकी एकच दिसू देतो. ही त्याची खरी सेवा आहे, पण ती कौतुकाच्या यादीत क्वचितच येते.

तिसरा बारकावा उलट्या दिशेचा, आणि घाईत लिहिलेले गेटवे इथे उघडे पडतात. एमसीपीमध्ये फक्त सहायकच विचारतो असे नाही. सर्व्हरही मध्येच वापरणाऱ्याकडून माहिती मागू शकतो (ही सोय जून २०२५ च्या आवृत्तीत आली), सहायकाच्या मॉडेलकडून मजकूर लिहून मागू शकतो, किंवा आपली टूल्सची यादी बदलल्याचे कळवू शकतो. गेटवेमागे दहा सर्व्हर आणि पुढे चार सहायक असताना तिसऱ्या सर्व्हरचा प्रश्न दुसऱ्या सहायकाकडेच पोहोचला पाहिजे. म्हणून प्रत्येक विनंतीचा क्रमांक आणि प्रत्येक सत्राची ओळख यांची जोडवही गेटवेला ठेवावी लागते. ती चुकली, तर एकाची माहिती दुसऱ्याच्या पडद्यावर दिसते.

टूल्सची गर्दी : सगळे सर्व्हर एका जागी आणणे सोपे झाले तसे लोक सर्व्हर जोडतच गेले. परिणाम उलटा झाला. टूल वापरा वा न वापरा, त्याचे नाव, वर्णन आणि लागणाऱ्या माहितीचा आराखडा हे सगळे मॉडेलच्या संदर्भात (ते एका वेळी समोर ठेवते त्या मजकुरात) आधीच भरावे लागते. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिलेल्या एका उदाहरणात गिटहब, स्लॅक, सेंट्री, ग्राफाना आणि स्प्लंक या पाच सर्व्हरांची ५८ टूल्स मिळून सुमारे ५५,००० टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजते ते) खातात, तेही संभाषणाचा पहिला शब्द उमटण्याआधी. खर्चापेक्षा मोठी अडचण निवडीची. मिळत्याजुळत्या वर्णनांच्या ढिगातून मॉडेल चुकीचे टूल उचलते. २०२५ मध्ये कर्सर पहिली ४० टूल्सच मॉडेलकडे पाठवत असे, तर व्हीएस कोडने एका विनंतीला १२८ ची मर्यादा घातली.

त्यामुळे चांगला गेटवे किती जोडतो यापेक्षा किती झाकतो, यावर त्याची परीक्षा होऊ लागली. साधा उपाय गट पाडण्याचा : हिशोबाच्या कामाला एक संच, कोडच्या कामाला दुसरा, आणि सहायकाला त्या वेळी लागणाराच संच दाखवायचा. दुसरा उपाय असा की गेटवे सुरुवातीला ‘टूल शोध’ आणि ‘टूल जोड’ अशी दोन-तीनच टूल्स पुढे ठेवतो आणि मॉडेल गरजेप्रमाणे बाकीची मागवते. तिसरा मार्ग अधिक धाडसी आहे. मॉडेलने टूल्सना एकेक करून हाक मारण्याऐवजी त्यांना वापरणारा छोटा प्रोग्रॅमच लिहायचा आणि तो बंदिस्त जागेत चालवायचा. क्लाउडफ्लेअरने सप्टेंबर २०२५ मध्ये आणि अँथ्रॉपिकने नोव्हेंबरमध्ये ही पद्धत मांडली. अँथ्रॉपिकच्या उदाहरणात १,५०,००० टोकनांचे काम २,००० मध्ये झाले. हा आकडा निवडक उदाहरणाचा आहे, सरासरीचा नाही. तो सर्रास सरासरी असल्यासारखा सांगितला जातो म्हणून ही नोंद.

सुरक्षा : गेटवेकडे ईमेलची, कोडची, डेटाबेसची, क्वचित बँकेच्या कामाचीही की असते. सगळ्या घराच्या किल्ल्या एकाच जुडग्यात असण्याची सोय आणि धोका दोन्ही इथे एकत्र येतात. पूर्वी त्या किल्ल्या जेसन फाइलींत उघड्या लिहिलेल्या असत, हे लक्षात घेता सोयीचे पारडे जड आहे. पण जुडगा हरवला तर काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

धोके कल्पनेतले नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्स या संस्थेने ‘टूल पॉयझनिंग’ हा प्रकार दाखवून दिला. टूलचे वर्णन माणूस सहसा वाचत नाही, मॉडेल मात्र शब्दन् शब्द वाचते. तेव्हा बेरीज करणाऱ्या निरुपद्रवी टूलच्या वर्णनातच ‘आधी अमुक फाइल वाचून इकडे पाठव’ अशी सूचना दडवता येते. त्यातही असे टूल शेजारच्या सर्व्हरच्या टूल्सचा वापर वाकडा करू शकते, म्हणजे एक नासका आंबा अख्खी अढी नासवतो. सप्टेंबर २०२५ मध्ये पोस्टमार्क या ईमेल सेवेच्या नावाने कोणा तिऱ्हाइताने प्रसिद्ध केलेले एक पॅकेज पकडले गेले. त्याच्या पहिल्या पंधरा आवृत्त्या स्वच्छ होत्या. पुढच्या आवृत्तीत एकच ओळ वाढली आणि पाठवलेल्या प्रत्येक ईमेलची गुप्त प्रत लेखकाकडे जाऊ लागली. मध्यस्थही सुरक्षित असतोच असे नाही. स्थानिक सहायकाला दूरच्या सर्व्हरशी जोडणाऱ्या ‘एमसीपी-रिमोट’ या लोकप्रिय पुलात जुलै २०२५ मध्ये जी त्रुटी उघड झाली, तिची तीव्रता १० पैकी ९.६ ठरवण्यात आली. परक्या सर्व्हरशी जोडले जाताच वापरणाऱ्याच्या संगणकावर हवी ती आज्ञा चालवता येत होती.

गेटवे यावर काही करू शकतो, कारण सगळी ये-जा त्याच्यासमोरून होते. मंजूर झालेल्या वर्णनाची खूण जपून ते बदलले तर टूल बंद करणे, विनंतीतून किंवा उत्तरातून पासवर्ड वा किल्ल्या जात असतील तर अडवणे, वाचणारी टूल्स मोकळी ठेवून लिहिणारी-पुसणारी टूल्स माणसाच्या होकारावर ठेवणे, आणि कोणी कधी कोणते टूल वापरले याची नोंद ठेवणे, ही त्याची कामे. याउलट एक चूक गेटवेसारख्या मध्यस्थालाच करता येते. नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये वर्णन केलेली ‘कन्फ्यूज्ड डेप्युटी’ची अडचण ती हीच : स्वतःला मोठे अधिकार असलेला मध्यस्थ, कोणाच्या वतीने वागतो आहे याचे भान सुटल्याने, कमी अधिकाराच्या माणसाचे काम आपल्या अधिकारात करून देतो. कार्यालयात सगळ्यांसाठी एकच गेटवे असेल आणि तो एकाच सामायिक कीने डेटाबेसकडे जात असेल, तर कालच रुजू झालेल्या प्रशिक्षणार्थ्यालाही पगाराची यादी मिळू शकते. म्हणूनच आपल्यासाठी न दिलेले टोकन (इथे अर्थ प्रवेशाचा परवाना, मजकुराचा तुकडा नव्हे) सर्व्हरने स्वीकारू नये, अशी सक्त सूचना एमसीपीच्या नियमांत आहे. गेटवेने सहायकाचे टोकन तसेच पुढे ढकलणे यामुळे निषिद्ध ठरते. प्रत्येक माणसासाठी, प्रत्येक सेवेचे टोकन त्याला वेगळे मिळवावे लागते. हे काम किचकट आहे, आणि बाजारातल्या गेटवेंची लायकी मुख्यतः इथेच कळते.

प्रचारातील प्रकार : डॉकरचा गेटवे प्रत्येक सर्व्हर वेगळ्या कंटेनरमध्ये (बाकी संगणकापासून तोडलेल्या बंदिस्त जागेत) चालवतो, त्यामुळे एखादा फितूर निघाला तरी त्याचा हात बाकीच्या संगणकापर्यंत सहज पोहोचत नाही. मायक्रोसॉफ्टचा गेटवे कुबरनेटिसवर (अनेक संगणकांवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या प्रणालीवर) चालतो आणि एका सत्रातल्या विनंत्या त्याच सर्व्हरकडे नेण्यावर त्याचा भर आहे. आयबीएमचा कॉन्टेक्स्टफोर्ज जुन्या रेस्ट पद्धतीच्या वेब सेवांनाही एमसीपीचा वेष चढवतो. एकट्यादुकट्याने वापरण्याजोगा मेटाएमसीपी सर्व्हरांचे गट करून प्रत्येक गटाला स्वतंत्र पत्ता देतो. हे चारही मुक्तस्रोत आहेत. सर्व्हर शोधायचे कुठे, यासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये अधिकृत रजिस्ट्रीची (सर्व्हरांच्या नोंदवहीची) चाचणी आवृत्ती सुरू झाली. मात्र रजिस्ट्रीत नाव असणे म्हणजे सर्व्हर विश्वासू असल्याचा दाखला नव्हे. दोन-तीनच सर्व्हर आणि एकच सहायक असेल, तर यांपैकी कशाचीही गरज नाही. तिथे गेटवे म्हणजे बिघडू शकणारी आणखी एक वस्तू.

भारतीय आणि मराठी संदर्भ : भारतात हा विषय सर्वसामान्य वापरकर्त्यापर्यंत नेणाऱ्यांत झिरोधा ही दलाली कंपनी पुढे होती. तिने २०२५ मध्ये काइट एमसीपी खुला केला आणि गुंतवणूकदार आपल्या सहायकालाच पोर्टफोलिओबद्दल विचारू लागले. कंपनीने स्वतः चालवलेल्या आवृत्तीत धोक्याचे व्यवहार करणारी टूल्स मुद्दाम वगळली आहेत. गेटवेने जे गाळायचे ते इथे सर्व्हरनेच गाळले.

मराठीत प्रश्न विचारला तरी टूल निवडायला सहसा अडचण येत नाही, कारण वर्णनाशी अर्थ जुळवण्याचे काम मॉडेल करते. टूलचे नाव मात्र देवनागरीत ठेवता येत नाही. बहुतेक एपीआय रोमन अक्षरे, अंक, आडवी रेघ आणि खालची रेघ एवढेच स्वीकारतात. वर्णन मराठीत लिहिता येते, पण तोच मजकूर देवनागरीत साधारणपणे इंग्रजीपेक्षा जास्त टोकन घेतो, आणि आधीच भरलेल्या संदर्भात तो भार प्रत्येक टूलमागे पडतो. त्यामुळे मराठी वापरकर्त्यांसाठी सर्व्हर लिहितानाही वर्णने इंग्रजीत ठेवणे आणि वापरणाऱ्यासमोर येणारे प्रश्न, होकाराच्या खिडक्या व चूक झाल्याचे संदेश तेवढे मराठीत लिहिणे सोयीचे पडते.